उजव्या कौलाचे तात्या

माझ्या आधीच्या नर्सबाईंनी गावच्या उपकेंद्राचा चार्ज देताना मला औषधांच्या कपाटाची किल्ली दिली, मध्येच अडकणारा एक वजनकाटा दिला आणि एक ताकीद दिली. इथला पेशंट आधी देवळात जातो आणि मग आपल्याकडे येतो, तेव्हा गुरवाशी भांडू नकोस. साल ब्याऐंशी असावं. मी रत्नागिरीत मांडवीला वाढलेली, तेवीस वर्षांची, नुकतंच ट्रेनिंग संपवलेली. त्या वयात अशी ताकीद मिळाली की आधी भांडूनच बघावंसं वाटतं. चौथ्या दिवशी मी देवळात गेले ती त्याच तयारीनं.

तात्या गुरव तेव्हा वाघजाईला आंघोळ घालत होते. साठीचा काटकुळा माणूस, गुडघ्यापर्यंत पंचा, पायांना ह्या एवढाल्या भेगा. मूर्तीवर पाणी घालता घालता ते तिला गावातल्या बातम्या सांगत होते. कुणाचा मुंबईहून कागद आला, कुणाची म्हैस आटली, सकाळची एसटी आज पुन्हा का आली नाही. माझी चाहूल लागली तेव्हा मान न वळवता म्हणाले, "बाई, जरा बसा. आईचं पाणी निवतंय." थंडीच्या दिवसांत ते पाणी तापवून आणत, हे मला नंतर कळलं. माझं भांडण त्या पाण्याबरोबरच निवलं. मी बसले, आणि उठताना त्यांच्या पायांच्या भेगांना मलम देऊन आले.

रत्नागिरीपासून एसटीनं दीड तासावरचं ते गाव. घरटी एक माणूस मुंबईला, बाकीचे भातशेतीत. गावात काही करायचं म्हटलं की वाघजाईचा कौल घ्यायचा. कौल म्हणजे तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. मग गुरवानं सगळ्यांदेखत देवीला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवंय ते मोठ्यानं सांगायचं, आणि लोकांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न ठरवायचं का, विहीर कुठे खणायची आणि तापानं फणफणलेलं पोर रत्नागिरीच्या हॉस्पिटलात न्यायचं की नाही, सगळं त्या दोन कळ्यांवर.

तात्यांचं गाऱ्हाणं ऐकण्यासारखं असे. दुसऱ्या गावचे गुरव ठरावीक घोकलेलं म्हणत, तात्या सगळा तपशील घालत. "ह्या तुज्या लेकराला तीन दिस जुलाब हायत, डोळं खोल गेलंत, रडताना पानी येत नाय." आमच्या केसपेपरवर नसे एवढी माहिती त्यात असायची. मी एकदा म्हटलं, तात्या, तुम्हीच नर्स व्हायला हवं होतं. ते म्हणाले, "आईला नीट सांगाय नको? तिला हजार कामं."

पण एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. कुणाकडे काही वाईट झालं की शहाणीसुरती माणसं ओटीवर बसून म्हणतात ना, की यातही देवीचं काही चांगलंच असेल, ते ऐकलं की तात्या उठून चालू लागत. एकदा एका घरी अडीच वर्षांचं मूल गेलं होतं. कुणीतरी तसं बोललं. तात्या पायरीवरून वळले आणि म्हणाले, "मंग तुज्या घरी होऊं दे चांगलं." गुरवानं असं बोलावं याचा गावानं महिनाभर राग धरला. त्यांची स्वतःची बायको तिशीच्या आत बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. हे मला इतरांकडून समजलं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत.

दोन वर्षांत माझ्या लक्षात एक गंमत आली. मी ज्याला ज्याला रत्नागिरीला न्या म्हणाले, त्या प्रत्येकाचा कौल उजवा पडला. प्रत्येकाचा. आणि लगेच पडला. मी मनात म्हणायची, देवी बरी आहे, शिकलेली आहे. मग एके दिवशी दोन भावांच्या बांधावरच्या फणसाचा कौल होता. फणस थोरल्याचा का, एवढाच प्रश्न. मी पोलिओचे डोस संपवून सहज देवळात टेकले होते. तासभर झाला तरी कळी हलेना. दोन्ही भाऊ घामाघूम, तात्या खांबाला टेकून तंबाखू मळत बसलेले. शेवटी डावी पडली, मग कुणीतरी शंका काढली, पुन्हा लावली तर उजवी पडली. लोक गेल्यावर मी त्यांना चिडवलं, की आईला फणसापेक्षा पोरांची फारच घाई दिसते.

तात्या हसले. मग हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी नर्स आहे, इंजेक्शन देणाऱ्याच्या बोटांकडे बघायची मला सवय आहे. पुढच्या एका आजाऱ्याच्या कौलाला मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. उजवी कळी ते पाण्यातून काढून हळूच झटकत आणि मूर्तीच्या खांद्यावर जिथे वर्षानुवर्षांच्या तेलानं गुळगुळीत उतार झाला होता तिथे नुसती टेकवत. डावी ओथंबलेली घेत आणि अंगठ्यानं दाबत.

तेच दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध न्यायला आले तेव्हा आपण होऊन म्हणाले, "मी आईच्याच मनातलं करतंय, बाई. तिला काय पोर मेलेलं आवडंल? ती आई हाय. तिला हात नायत, मला हायत." त्यांच्या बायकोच्या वेळी त्यांच्या वडिलांनी कौल लावला होता. तो डावा पडला आणि तिला घरीच ठेवली. तात्यांनी गुरवकी हातात घेतल्यापासून आजारपणाचा कौल गावात डावा पडला नव्हता. मला त्यांचं कौतुक वाटलं. इतकं वाटलं, की त्यानंतर पेशंटच्या घरच्यांना मीच सांगू लागले, जा, कौल घेऊन या. तात्यांच्या अंगठ्यावर माझं अर्धं काम चालत होतं आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

धोंडूची थोरली लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती श्रावणात. धोंडू म्हणजे देवळाच्या खालच्या वाडीतला, अबोल, कष्टाळू, तात्यांचा लहानपणापासूनचा सोबती. सुमनला नववा लागला होता. तिच्या पायांवर सूज होती, रक्तदाब चढलेला होता. मी धोंडूला सांगितलं, हिला इथे ठेवू नकोस, रत्नागिरीला ने, आणि दुखायला लागायच्या आधी ने. धोंडूची बायको म्हणत होती की पावसाचं कशाला न्यायचं, आपल्याकडे सगळ्या घरीच बाळंत झाल्या. म्हणून धोंडूनं कौल मागितला. कौल उजवा पडला. मी तिथेच होते. कळी खांद्यावर टेकली न टेकली तोच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास भाड्याची जीप निघाली. सुमन पुढे बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. मी तिला म्हटलं, मुलगा झाला तर पेढे आण, मुलगी झाली तर बर्फी. घाटातल्या दुसऱ्या वळणावर जीप घसरली आणि रस्त्याखालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, गेली. पाऊस होता, पऱ्याला पाणी होतं. चालवणारा बाहेर फेकला गेला, धोंडूचा हात मोडला. सुमन गेली, पोटातलं बाळही गेलं.

मी आजवर पुष्कळ मरणं पाहिली. बहुतेक ठिकाणी मनाशी म्हणता येतं की आपण केलं नसतं तरी हेच झालं असतं. इथे ते म्हणायची सोय नव्हती. घरी राहिली असती तर कदाचित सुखरूप सुटली असती. कदाचित नसतीही. पण त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती मेली नसती, हे नक्की. ती माझ्या सांगण्यावरून निघाली होती. मी त्या रात्री जेवले नाही, आणि नंतरही बरेच दिवस तो रस्ता आला की एसटीत डोळे मिटून घ्यायची.

गाव मात्र लवकर सावरलं. देवीनंच कौल दिला होता, म्हणजे देवीनंच नेली, तिची मर्जी, असं सगळे म्हणू लागले. धोंडूही तेच म्हणाला. पंधरवड्यानं गळ्यात हात अडकवलेला धोंडू देवळात आला, एका हातानं त्यानं नारळ पुढे ठेवला आणि म्हणाला, "तुजी व्हती, तू नेलीस." आणि त्याला जरा हलकं वाटलं असावं, कारण त्या दिवशी तो पहिल्यांदा कुणाशी तरी शेतीचं बोलला. तात्या गाभाऱ्यात उभे होते. नारळ फोडायला त्यांनी हात पुढे केला नाही. धोंडूच्या पुतण्यानं फोडला.

तिथून ते तडक माझ्याकडे आले. मी सुया उकळायला ठेवल्या होत्या. उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "बाई, धोंडूला सांगून टाकतंय."

मी स्टोव्ह बंद केला. काय सांगणार ते मला न विचारताच कळलं होतं. मी त्यांना म्हटलं, खुळ्यासारखं करू नका. धोंडू देवीच्या नावानं का होईना, उभा राहतोय. त्याला काय सांगणार, की देवीनं नाही, तुझ्या सोबत्यानं नेली? आणि एकदा हे फुटलं की पुन्हा या गावातला एक पेशंट रत्नागिरीला जायचा नाही. मी पुष्कळ बोलले. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तिच्यावर आळ ऱ्हाऊं दे? तिनं केलं नाय ता तिच्यावर?"

मी चिडून म्हटलं, देवी आहे ती, तिला काय फरक पडतो?

"मला पडतो. आईच्या नावावर पोरीचं मरान लावून मी तिला आंगोळ कशी घालू?" मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तिनंच केलं नसंल, तरी ती बघत व्हतीच ना? मी कळी दाबत व्हतू, ती बघत व्हती. एवढी वर्सं माजं चालू दिलान. एकदा डावी पाडायची तर तवा पाडायची."

असल्या प्रश्नाचं उत्तर मी ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते, आणि शिकले असते तरी त्यांना पुरलं नसतं. त्यांनी धोंडूला सांगितलं नाही, ते माझ्या भिडेखातर. पण त्यानंतर तात्या बदलले. देवीला बातम्या सांगणं बंद झालं. आंघोळ, गंध, फूल, नैवेद्य, सगळं मुकाट्यानं. घरात दोन माणसांचा अबोला असावा आणि जेवणखाण तरी वेळेवर होत राहावं, तसं ते चाललं होतं.

पुढच्या माघात धोंडूची धाकटी, शेवंती, तापली. दहा वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी तिची मान ताठ झाली, उजेडाकडे बघवेना, ओकाऱ्या सुरू झाल्या. मेंदूचा ताप आहे हे कळायला मोठा डॉक्टर नको होता. मी धोंडूला म्हटलं, अर्ध्या तासानं एसटी आहे, हिला आत्ताच्या आत्ता उचल. धोंडूनं तिला उचललं, पण स्टँडकडे नाही, देवळाकडे. मी त्याच्या मागे धावत गेले. मला वाटत होतं, आहेत ना तात्या.

पाच-पंचवीस माणसं गोळा झाली. शेवंतीला गोधडीत गुंडाळून सभामंडपात निजवली होती. तात्यांनी वाटीत कळ्या बुडवल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. दोन्ही कळ्या त्यांनी सारख्या ओल्या घेतल्या, सारख्या टेकवल्या, आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधले. हा माणूस आज खरोखरच विचारत होता.

गाऱ्हाणं अगदी थोडक्यात झालं. "आई, धोंडूची दुसरी लेक हाय. तुला ठाव हाय." लोक व्हय म्हाराजा म्हणाले. शेवंती कण्हत होती तेवढाच आवाज. पाच मिनिटं झाली असतील, मला ती फार लांब वाटली.

डावी पडली.

धोंडूची बायको मटकन खाली बसली. धोंडूनं मान हलवली आणि पोरीला घरी न्यायला वाकला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तात्या गाभाऱ्याच्या पायरीवरून खाली उतरले आणि धोंडूसमोर येऊन उभे राहिले.

"धोंडू, आई नको म्हनते. मी म्हनतंय, ने."

कुणाला काही कळेना. गुरवानं देवीच्या तोंडावर असं बोलावं हे त्या मंडपात कधी घडलं नव्हतं.

"सुमनच्या टायमालाही मीच म्हनलू व्हतू," तात्या म्हणाले. "आईनं कौल दिला न्हवता. मी कळी दाबली व्हती. ती माज्या हातानं गेली. आज मी दाबली नाय, आज आईला इचारलं. ती नको म्हनाली. तरी मी सांगतंय, पोरीला ने."

याहून वाईट वेळ निवडता आली नसती. एका पोरीला मारल्याची कबुली द्यायची आणि त्याच श्वासात दुसरी मागायची. धोंडू त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा हात उगारणार. मागून कुणीतरी शिवी दिली. धोंडूनं वाकून शेवंतीला उचललं.

"तू येशील बरोबर?" त्यानं विचारलं.

देवीला नैवेद्य व्हायचा होता. गुरवकी हातात घेतल्यापासून तात्यांनी एका दिवसाचाही नैवेद्य चुकवला नव्हता, की कधी गावाची वेस ओलांडली नव्हती. ते "चल" म्हणाले आणि तसेच पंच्यावर निघाले. खांद्यावर उपरणंही नव्हतं. एसटीत धोंडूच्या मांडीवर शेवंतीचं डोकं होतं आणि तात्यांच्या मांडीवर पाय. घाटातलं दुसरं वळण आलं तेव्हा मी सवयीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या दोघांनी एकमेकांचे हात धरलेले दिसले. धोंडूनं धरला होता की तात्यांनी, ते मला सांगता यायचं नाही.

शेवंती वाचली. तीन आठवडे हॉस्पिटलात होती. घरी आली ती चालत आली, पण तिला ऐकू येत नव्हतं. त्या तापात असं पुष्कळांचं होतं. गावात दोन तट पडले. एक म्हणे, देवीचं ऐकलं नाही म्हणून देवीनं कान नेले. दुसरा म्हणे, देवीचं ऐकलं असतं तर सगळी पोरच गेली असती. तात्या कुठल्याच तटात नव्हते. मी त्यांना एकदा म्हटलं, पोर जगली की नाही, मग झालं तर. ते म्हणाले, "झालं कसं? कुनी हाक मारली तर आयकाय येत नाय तिला." कान गेले ते कुणी नेले, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि ठरवल्याशिवाय त्यांना झोप येत नव्हती.

मानकऱ्यांनी बैठक घेऊन कौल लावण्याचा मान तात्यांकडून काढून त्यांच्या चुलतभावाला दिला. रोजची पूजा मात्र तात्यांकडेच ठेवली, कारण पहाटे उठून पाणी तापवायला दुसरा कुणी तयार नव्हता. चुलतभाऊ सरळ माणूस. त्याच्या हातून कळ्या कशाही पडत. त्या वर्षी एका म्हातारीचा कौल डावा पडला, घरच्यांनी तिला हलवली नाही आणि ती गेली. अगदी साधा निमोनिया होता. मी तिच्या घरून परत येताना देवळात शिरले आणि तात्यांवर तोंड टाकलं. म्हटलं, तुमच्या खरं बोलण्यानं कुणाचं भलं झालं ते मला सांगा. ते देवीच्या पायाशी वाळलेली फुलं होती ती गोळा करत राहिले. मी इतकं कठोर बोलायला नको होतं. पण मी खरंच चिडले होते, आणि त्यांच्यावरच चिडले होते असंही नाही.

माझी बदली झाली शहाऐंशीत, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंडणगडला. निघायच्या दिवशी सकाळी मी देवळात गेले. तात्या देवीसमोर मांडी घालून बसले होते. आंघोळ झाली होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावलेल्या होत्या. बाजूला कुणीच नव्हतं, गाऱ्हाणं सांगणारं नाही की ऐकणारं नाही.

मी शेजारी बसले आणि विचारलं, कुणाचा कौल?

"माजा," ते म्हणाले. "रोज लावतंय. सारकं पानी घेऊन."

काय विचारता, असं मी म्हटलं. त्यांनी मूर्तीवरची नजर काढली नाही.

"इचारतंय, सुमन जीपमदी बसली तवा तुला ठाव व्हतं काय."

बाहेर कुणीतरी गुरं हाकत चाललं होतं. मी विचारलं, मग काय सांगते?

"कवा उजवी पडते, कवा डावी." मग म्हणाले, "उजवी पडली तर वाटतं, ठाव व्हतं आनि गप ऱ्हायलीस, तर तुज्याशी बोलू कसा? डावी पडली तर वाटतं, तुलाच ठाव न्हवतं, तर मंग आमी गाऱ्हानं कुनाला घालायचं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. चार वर्षांत या माणसाशी मी भांडले, त्याचा उपयोग करून घेतला, त्याला बोल लावले. जाताना एक बरा शब्द तरी ठेवून जावा असं वाटत होतं. पण तो सापडला नाही. मी वाकून नमस्कार केला, आधी त्यांना आणि मग देवीला. ते नुसतं "सांबाळून जावा" म्हणाले.

पायऱ्या उतरून मी वळून पाहिलं. देवीच्या खांद्यावरची एक कळी सुटायला लागली होती. कोणती ते मला तिथून दिसलं नाही. तात्या घाईघाईनं उठले आणि पडायच्या आत त्यांनी दोन्ही कळ्या हातांनी काढून घेतल्या. मग त्या ओंजळीत धरून ते तसेच देवीसमोर उभे राहिले. माझी एसटी चुकेल म्हणून मला निघावं लागलं.